नऊ फूट गिरजाबाई

रविवार, ६ ऑक्टोबर १९९६
बेलापूर

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या मासिक पत्रकाचा अंक आज सकाळी दाराखालून सरकवण्यात आला. त्यात संस्थेचे सचिव श्री. शहाजी शेडगे यांनी गणेशोत्सवातील चित्रपट-प्रदर्शनाचा वृत्तान्त लिहिला आहे. बावीस ओळी आणि त्यांत तथ्यांच्या सात चुका. व्याकरणाच्या चुका मी मोजल्या, परंतु त्यांचा येथे उल्लेख करत नाही. शेडगे एपीएमसी मार्केटात कांद्याबटाट्याचे व्यापारी आहेत आणि कांदा ऱ्हस्वदीर्घ पाहून विकला जात नाही, हे मला मान्य आहे. तथ्यांना मात्र अशी सवलत देता येत नाही.

शेडगे लिहितात, 'गणपतीच्या तिसऱ्या दिवशी'. प्रदर्शन सहाव्या दिवशी, शनिवार, दि. २१ सप्टेंबर रोजी झाले. शेडगे लिहितात, 'जुना व्हिडिओ'. तो व्हिडिओ नव्हता. ती आठ मिलिमीटर रुंदीची, ध्वनीसह असलेली, घरगुती प्रक्षेपकावर चालणारी चित्रपट्टी होती. 'नाखव्याची सून' हा अडीच तासांचा मराठी चित्रपट. चाळीस मिनिटांची त्याची संक्षिप्त आवृत्ती दोन रिळांत बसवून दादरच्या एका विक्रेत्याने १९७४ साली बाजारात आणली. मूळ चित्रपट १९५८ चा नव्हे, १९६२ चा. त्याची मूळ प्रत प्रयोगशाळेने चांदी काढण्यासाठी वितळवली, हे मी तीस वेळा सांगितले आहे. म्हणजे आज त्या चित्रपटाचे जे काही या जगात उरले आहे, ते माझ्या कपाटातील दोन डब्यांत आहे.

आणि या माणसाने काय लिहावे? 'भोईटे काकांनी सिनेमा कापून छोटा केला होता, तरी मजा आली.'

कापून! मी सदतीस वर्षे शासकीय मुद्रणालयात मुद्रितशोधक होतो. दुसऱ्याच्या मजकुरातील एक शब्द मी कधी आपल्या मर्जीने गाळला नाही. माझ्याकडे अशा त्रेसष्ट संक्षिप्त चित्रपटांचा संग्रह आहे. संक्षेप करणारा वेगळा, संग्रह करणारा वेगळा.

सातवी चूक सर्वांत वाईट. 'दिवाळ्याच्या बायजाबाई सिनेमाचा शेवट बघून रडल्या.' बायजाबाईंनी शेवट पाहिलाच नाही. दुसऱ्या रिळाच्या नवव्या मिनिटाला त्या उठल्या आणि फाटकाबाहेर गेल्या. त्या आमच्या इमारतीत मासळी विकतात. चित्रपटाचे काही चित्रीकरण शेजारच्या दिवाळे या कोळीवाड्याच्या बंदरावर झाले होते आणि मासळी वाळवणाऱ्या स्त्रियांच्या एका दृश्यात त्यांची आई गिरजाबाई होती. गिरजाबाई १९६४ साली गेल्या. त्यांचे एकही छायाचित्र नाही. आईला पाहायचे म्हणून बायजाबाई पहिल्या रांगेत येऊन बसल्या होत्या. ते दृश्य संक्षिप्त आवृत्तीत नाही. यात माझा दोष काय? आणि त्या नेमक्या तेव्हाच का उठल्या, हेही मला उमगलेले नाही.

सौ. सत्यभामेला मी हे सर्व वाचून दाखवले. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "शहाजीवर कशाला उखडताय? तुमच्या कात्रीनं काय कमी केलंय का?"

साताऱ्याकडच्या माणसांना संपादन आणि कात्री यांतील भेद समजावून सांगणे व्यर्थ आहे. मी स्वतः त्याच जिल्ह्याचा असल्याने हे अधिकाराने लिहितो.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

शेडगे यांना संस्थेच्या कार्यालयात गाठले. पहाटे तीनपासून मार्केटात असल्याने ते खुर्चीत अर्धवट झोपले होते.

"काका, टेन्शन नका घेऊ. वाचतं कोण?"

"मी वाचतो."

"तुमी सोडून, काका."

"आपण लिहिले आहे की मी चित्रपट कापला."

"मग? अडीच तासांचा पिक्चर चाळीस मिनिटांत संपला. म्हणजे कोणीतरी कापलाच ना?"

"कोणीतरी आणि भोईटे यांत फरक आहे."

"बरं बाबा, पुढच्या अंकात सॉरी टाकतो. छोट्या चौकटीत."

"क्षमा नको. शुद्धिपत्र हवे. प्रत्येक दिनांकासह."

"दिवाळी अंक आहे हो! फटाक्यांच्या जाहिराती आल्यात." मग त्यांनी डोळे चोळले आणि थोडे वेगळ्या स्वरात म्हणाले, "पण काका, खरं सांगू? ती बाई गेटवर थांबली होती. मी पाणी दिलं तर घेतलं नाही. म्हणून मी लिहिलं, रडली. आता कशानं, ते मी कशाला विचारू?"

मी म्हटले, न विचारता लिहिणे हाच तर आपला मूळ दोष आहे.

गुरुवार, १० ऑक्टोबर

गणपतीनंतर प्रथमच बायजाबाई दारात आल्या. पाटी खाली ठेवली नाही.

"काकी, बोंबील हायेत. घेवाचं तर घ्या."

मी बाहेर आलो आणि त्या दिवशी मध्येच उठून जाण्याचे कारण विचारले. एखादी गोष्ट माहीत नसेल तर विचारावी, असे मी परवाच शेडगे यांना सांगितले होते.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "काका, माजी आय आयली नि जेली."

"त्या दृश्यात?"

"कशाचं दृश्य? पापनी लवली का नाय. आयली, माज्याकं बगितलान, नि जेली. मंग तो नाखवा 'थांबा' बोलला. मी सगल्या बायांना सांगून आयलेली, आज माजी आय दिसनार. पनवेलला तंबून बगितलेला ना आमी, आयनं नि मी. आय लाजून पदराखाली जेलेली. तवा ती बराच येल व्हती पडद्यावं. आता कोन खाल्लान तिला?"

मी समजावले, की संक्षेप करताना अनावश्यक दृश्ये गाळावी लागतात.

"अनावश्यक," त्या म्हणाल्या. सौ. ने बोंबील घेतले. बायजाबाईंनी वाटा मोजून टाकला. एरवी एक बोंबील वर टाकतात, तो टाकला नाही.

एखादी प्रतिमा क्षणभर दिसल्याचा भास होणे शक्य आहे. तीव्र इच्छा असली की माणूस नसलेलेही पाहतो. तरी कोल्हापूरचे जुने संग्राहक मारोतीराव घोरपडे यांना पत्र टाकले. याच आवृत्तीची दुसरी प्रत त्यांच्याकडे होती, ती खराब झाल्याचे ऐकून आहे. ते दृश्य तिच्यातही नसल्याचे त्यांनी लेखी कळवले, की हा विषय संपेल आणि शेडगे यांचे तोंडही बंद होईल.

सोमवार, १४ ऑक्टोबर

आज काही विशेष नाही. एवढेच, की जेवताना सौ. अकस्मात म्हणाली, "हसरी होती हो ती बाई."

"कोणती?"

"बायजाची आई. सुकट वाळवताना."

सौ. ने तो चित्रपट चित्रपटगृहात कधीही पाहिलेला नाही. १९६२ साली ती माहेरी फलटणला होती. माझ्या प्रतीत ते दृश्य नाही. तेव्हा हा सरळसरळ स्मृतीचा घोटाळा आहे. वय झाले की असे होते. मी तसे सौम्य शब्दांत सांगितले. तिने आमटी वाढली आणि "व्हय, वयच झालंय," एवढेच म्हणाली. कोणाचे, ते म्हणाली नाही.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

मारोतीरावांचे उत्तर आले. अक्षर कंपित झाले आहे, पण माणूस चोख आहे. त्यांची प्रत १९९१ साली आंबूस वास सुटून, चिकटून, एकसंध वडीसारखी झाली आणि त्यांना ती नदीकाठी पुरावी लागली. पुढे लिहितात:

'आपण विचारता ते दृश्य संक्षिप्त आवृत्तीत निश्चित होते. दुसऱ्या रिळात, नाखवा धक्क्यावर येण्यापूर्वी. बायका सुकट पसरत असतात आणि त्यांतील एक मान वळवून थेट आपल्याकडे पाहते. मला ते फार आवडे. रिळाच्या डब्यातील चिठ्ठीवर लांबी ३९६ फूट आहे. आपण ताडून पाहावे.'

मारोतीराव अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांचाही स्मृतिभ्रंश असू शकतो. एकाच महिन्यात तीन माणसांना तोच भ्रम होणे थोडे विलक्षण आहे, इतके मान्य करतो.

उद्या मोजीन. मोजल्यावर प्रश्न उरणार नाही.

बुधवार, २३ ऑक्टोबर

मोजले. फूट मोजणाऱ्या चाकावरून दुसरे रीळ तीन वेळा फिरवले. डब्यातील चिठ्ठी: ३९६. प्रत्यक्ष: ३८७.

नऊ फूट. सेकंदाला चोवीस चौकटींच्या, म्हणजे चित्रांच्या, गतीने सत्तावीस सेकंद.

विक्रेत्याने कमी पट्टी दिली असावी, असा पहिला विचार आला आणि त्याला खरमरीत पत्र लिहावेसे वाटले. तो वारला त्याला अकरा वर्षे झाली. मग भिंग घेऊन पट्टी हाताने पाहत गेलो. नवव्या मिनिटापाशी एक जोड सापडला. कारखान्याचे जोड रसायनाने चिकटवलेले असतात आणि त्यांच्या जागी जाड रेघ दिसते. हा जोड पारदर्शक चिकटपट्टीचा आहे. दोन्ही कडा पात्याने साफ केलेल्या, एकही छिद्र झाकलेले नाही. असा स्वच्छ जोड देणारा माणूस माझ्या ओळखीत एकच होता, आणि तो मी.

जोडाच्या अलीकडे समुद्र. जोडाच्या पलीकडे एक स्त्री. अठरा चौकटी. नंतर नाखवा.

सौ. दारात उभी होती. मी विचारले, "तुला ठाऊक होते?"

"परळच्या खोलीत हुतो आपण. रविवार हुता. मी म्हणाले, राहू द्या की ती बाई, किती गोड बघतीय. तुम्ही म्हणालात, तू चहा कर."

"मग इतके दिवस स्पष्ट का सांगितले नाहीस?"

"सांगितलं की. तुम्ही ते वयावर घातलंत."

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

दुरुस्त्यांची जुनी वही काढली. नोंद माझ्याच हस्ताक्षरात, शाई किंचित फिकट:

'रवि. ४ मार्च १९७९. ना. सून, रीळ २. मासळी वाळवण्याचे दृश्य. पुढील स्त्री प्रेक्षकांकडे रोखून पाहते. अक्षम्य दोष. ९ फूट काढले. ध्वनी चित्राच्या अठरा चौकटी आधी मुद्रित असल्याने शेवटच्या अठरा चौकटी राखल्या. अन्यथा नाखव्याचा "थांबा" हा शब्द तुटला असता. काढलेला भाग नष्ट केला.'

म्हणजे त्या स्त्रीला मी तिच्यासाठी राखले नव्हते. तिच्या चित्रांच्या कडेला मुद्रित असलेला पुढच्या माणसाचा एक शब्द शाबूत राहावा, म्हणून तिचा पाऊण सेकंद उरला.

मी खोटे बोललो नव्हतो, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे. मी विसरलो होतो. मुद्रितशोधनात चूक एकदा काढली की ती कधी नव्हतीच. छापलेल्या पुस्तकात तिची आठवण कोणी ठेवत नाही. सदतीस वर्षांची ही सवय आहे. तरीही सिनेमा मी कापला हे शेडगे यांचे वाक्य कारणात चूक आणि परिणामात बरोबर निघावे, याचा मला विलक्षण संताप येतो. कोणावर, ते ठरवता येत नाही.

वहीत अशा एकूण एक्केचाळीस नोंदी आहेत. 'गर्दीतील मनुष्य हसतो.' 'मागील मूल हात हलवते.' 'म्हातारा चुकून चौकटीत येतो.' प्रत्येकीच्या शेवटी तेच: नष्ट केला. मी आज सर्व वाचल्या. त्या माणसांना शोधत कोणी माझ्या दारात आले नाही, म्हणून ती कोणाची नव्हती असे आजवर धरून चाललो होतो.

रात्रीचे जेवण नको म्हटले. सौ. ने ताट झाकून ठेवले.

रविवार, २७ ऑक्टोबर

सकाळी दिवाळ्याला गेलो. पट्टी हाताने फिरवून पाहण्याचे छोटे यंत्र पिशवीत घेतले, त्याचा काचेचा पडदा पोस्टकार्डाएवढा आहे. सौ. म्हणाली, "मी येते. तुम्ही एकटे बोलायला लागलात, की माणसं पळून जातात."

बायजाबाईंच्या अंगणात सुकट पसरलेली होती. आम्हाला पाहून त्यांनी पाट दिले. मी उभ्यानेच सांगितले, की मासळी वाळवण्याचे ते दृश्य विक्रेत्याने नव्हे, मी काढून टाकले. दिनांक ४ मार्च १९७९. लांबी नऊ फूट. ते परत मिळणे अशक्य आहे.

त्यांनी प्रथम सौ. कडे पाहिले. "काकी, ह्यो काय बोलतो?"

"खरं बोलतायत," सौ. म्हणाली.

"कनाला कापलीस तिला?" त्या मला म्हणाल्या. "माजी आय तुजं काय खात व्हती?"

एरवी त्या मला 'तुमी' म्हणतात. मी ते दुरुस्त करण्याच्या स्थितीत नव्हतो. म्हटले, "त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिले होते. चित्रपटात तसे पाहायचे नसते. तो दोष मानतात."

"क्यामेऱ्याकं?" त्या जोराने हसल्या, ते हसणे ऐकायला बरे नव्हते. "अरे, माजी आय क्यामेऱ्याकं कशाला बगल? तिला क्यामेरा कंचा नि डबा कंचा, ठावं तरी व्हता? मी व्हते थंय, त्या यंत्राच्या बाजूला उभी. अकरा वर्सांची. मांजर आयली सुकटीवं. मी बोंबलले, आये, मांजर! तवा तिनं वलून बगितलान. माज्याकं. नि हसली. तो टोपीवाला साहेब मना मारावाला धावला."

मी पिशवी उघडली. मग अंगणातल्या पाटावर यंत्र ठेवले, वायर त्यांच्या घरातून घेतली, पट्टी लावली आणि दांडा त्यांच्या हाती दिला. हळू फिरवा, एवढेच सांगितले.

समुद्र सरकला. जोड खटकन गेला. मग गिरजाबाई आल्या.

बायजाबाईंचा हात थांबला. चौकट थांबली. डोक्यावर पदर, ओल्या हाताने कपाळावरचा केस मागे सारलेला, ओठ नुकतेच विलग होत असलेले. बायजाबाईंनी एक चौकट पुढे नेली, एक मागे. पुढे नेले की ओठ हसू लागतात; मागे आणले की परत मिटतात. अठरा चौकटी. त्या मोजत नव्हत्या, मी मोजत होतो.

"बारकी व्हती रं," त्या म्हणाल्या. "माज्याहून बारकी. मी तर तिची आय दिसतंय." मग ओरडल्या, "गनू! ए गनू! मामाला हाक मार, आय आयली बोल!"

शेजारचा गणू बायजाबाईंच्या मामांना घेऊन आला, त्यांच्या मागून निम्मा पाडा आला. प्रत्येकाला दांडा फिरवायचा होता. पट्टीवर बोटांचे तेल लागते, ओरखडे पडतात. मी तोंड उघडले, तेवढ्यात सौ. ने माझ्या बाहीला हात लावला. मी उघडलेले तोंड मिटले.

निघताना बायजाबाई म्हणाल्या, "ह्यो डबा ठेव दोन दिस. माजा कल्पेश कंपनीन कामाला हाय, रातपाली करून येल. त्यानं आजी बगितली नाय."

मी आजवर कोणालाही रीळ दिलेले नाही. ठेवले. शिवाय वाशीच्या एका छायाचित्रकाराकडून एका चौकटीचे मोठे छायाचित्र करून देण्याचे कबूल केले. कोणती चौकट, ते बायजाबाई ठरवतील.

"नि काका," त्या पाठीमागून म्हणाल्या, "बोंबील-मावरं दीन तुमाला. पन रागानं दीन."

"चालेल," मी म्हटले.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

दिवाळी अंकासाठी शुद्धिपत्र शेडगे यांच्याकडे नेले. त्यांनी उभ्यानेच वाचले, मग बसून पुन्हा वाचले.

"काका, हे तुमी स्वतःबद्दल लिहिलंय."

"दिनांक तपासून घ्या."

"अहो, मी तर उगाच लिहून गेलो होतो. कशाला छापायचं? लोक बोलतील."

"आपण अजाणता खरे लिहिले. मी जाणून लिहितो आहे. आपल्या इतर चुका कायम आहेत."

"ठीक आहे. पण जागा कमी आहे. थोडं कापू का?"

मी त्यांना जे सांगितले ते येथे लिहिण्याजोगे नाही. पूर्ण पानाची फटाक्यांची जाहिरात आता अर्ध्या पानावर आली आहे.

शुद्धिपत्र

मागील अंकातील वृत्तान्तात पुढीलप्रमाणे दुरुस्ती करून वाचावे.

मार्च १९६२, होळीच्या आधीचा आठवडा: दिवाळे येथे चित्रीकरण. (बायजाबाईंच्या सांगण्यावरून. लेखी पुरावा नाही, ग्राह्य.)

१९६२: 'नाखव्याची सून' प्रदर्शित. १९५८ नव्हे.

१९६३: गिरजाबाई व बायजा यांनी पनवेलच्या तंबूत तो पाहिला. महिना आठवत नाही, उन्हाळा होता.

१९६४, श्रावण: गिरजाबाईंचे तापाने निधन.

१९७४: संक्षिप्त आवृत्ती. तीत गिरजाबाई पावणेअठ्ठावीस सेकंद होत्या.

४ मार्च १९७९: वामन भोईटे यांनी त्या पाऊण सेकंदावर आणल्या. विक्रेत्याचा दोष नाही.

२१ सप्टेंबर १९९६, गणपतीचा सहावा दिवस: प्रदर्शन. तिसरा नव्हे. बायजाबाई शेवट पाहून रडल्या नाहीत.

२७ ऑक्टोबर १९९६: दिवाळे येथे अठरा चौकटी पाहण्यात आल्या.

गिरजाबाईंचा जन्म: दिनांक कोणी लिहून ठेवलेला नाही. बायजाबाई सांगतात, "पुनवेची भरती व्हती, होड्या पार आंगनापरत आयलेल्या." हे असेच छापावे.